भोजाई नाहीशी झाली त्याची गोष्ट

सकाळी फोन वाजला तेव्हा नरहर वैरागडे पलंगाखाली होते.

लपले नव्हते हो, चप्पल शोधत होते. पण फोन वाजल्यावर तिथेच थांबले, एवढं मात्र खरं. अवेळी आलेला फोन, दारावरची अनोळखी थाप, पाल, कुत्रा, लिफ्ट आणि भरलेलं तळं, या सगळ्यांना नरहरभाऊ भीत. भोपाळच्या सोनागिरी वसाहतीत सांगतात, की कारखान्याचा भोंगा झाला की झाडावरची पाखरं उडत आणि त्यांच्या पाठोपाठ नरहरभाऊ. पाखरांचं पूर्ण खरं माना, भाऊंचं अर्धं.

पण याच माणसाने कारखान्याच्या तपासणी खात्यात उभा जन्म काढला, आणि त्यांच्या नजरेतून तडा गेलेला एकही सुटा भाग निसटला नाही. "हा फुटला तर?" या धास्तीने ते प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून बघत. निवृत्त झाल्यावर ही खोड माणसांवर उतरली. वसाहतीत कोणाचं काही हरवलं, की लोक आधी नरहरभाऊंना बोलावत आणि मग पोलिसांना.

"अहो, निघा बाहेर," मंजूषाताई वाकून म्हणाल्या. "नलू आहे फोनवर. रडतेय."

नरहरभाऊंनी पलंगाखालूनच फोन घेतला.

"भाऊ, माझी भोजाई गेली," पलीकडून नलिनी सबनीस म्हणाल्या. "सगळी रोपं उपटून नेली. दुपारी समिती येणार आहे. आणि आमचा नातू परीक्षित अजून दवाखान्यात आहे."

"येतो," नरहरभाऊ म्हणाले. म्हणजे तसं त्यांच्या तोंडून निघून गेलं. पश्चात्ताप लगेच झाला, पण तोवर मंजूषाताईंनी स्कूटर काढली होती.

भोजाई ही स्ट्रॉबेरी होती. नलिनीताई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. साकेत नगरच्या घरामागे त्यांनी हिरव्या जाळीची खोली उभारली होती. महाबळेश्वरच्या एका गोड जातीच्या फुलावर त्यांनी दुसऱ्या काटक जातीचा पराग बारीक कुंचल्याने लावला. त्या बियांपासून शेकडो रोपं केली. स्ट्रॉबेरीच्या बीचं असं, की लेकरू होतं, पण आईसारखं होईलच असं नाही. प्रत्येक रोप निराळं. त्यातलं एकच भोपाळच्या उन्हाला पुरून उरलं. मग त्याच्याच सरपटत्या फुटव्यांपासून आणखी रोपं. गेल्या मे महिन्यात वीज गेली, कूलर बंद पडला, आणि त्यातली बरीचशी करपली. जगली ती मोजकी, एका बाकावर मावतील एवढी. राजा भोजाच्या गावची म्हणून नाव भोजाई. शेजारचे हिंदीवाले तिला 'भौजाई', म्हणजे वहिनी, म्हणत आणि विचारत, "भौजाई कैसी हैं?"

आज नव्या जातीची नोंदणी करणारी समिती ती रोपं डोळ्यांनी बघणार होती. रोपं नाहीत तर अर्ज बाद. आणि त्याहून वाईट म्हणजे जगात दुसरीकडे भोजाई नव्हतीच.

"काल काय झालं ते सांग," स्कूटरवर मागे बसून, डोळे घट्ट मिटून नरहरभाऊंनी विचारलं.

"हळदीकुंकू होतं नलूकडे. आणि परीक्षितचं बोरन्हाण. पोरगं गोड बसलं होतं पाटावर. डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, स्ट्रॉबेऱ्या ओतल्या. आजूबाजूच्या पोरांनी उचलून खाल्ल्या. मग घरातला जुना फोन वाजला. नलूने उचलला आणि पांढरी फटक पडली."

"कोण होतं?"

"तोंडात बोळा कोंबल्यासारखा आवाज. म्हणाला, 'ताटात भोजाईची फळं टाकलीस ना? त्यांच्यावर औषध मारलंय.' अहो, काय सांगू! ज्या आईच्या हाताला जे पोर लागलं ते उचलून ती दवाखान्याकडे पळाली. बाकीच्या बायका आपापल्या घरी गेल्या. त्यातली योगिनी तर घाईत वाण न घेताच गेली; नंतर घ्यायला आली तर पिशवीच नाही. पिशव्या मोजून आणलेल्या, तरी एक कमी पडली म्हणून ती वेगळीच फुगली."

"पोरं कशी आहेत?"

"बरी आहेत. परीक्षित लहान म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. त्याची आई, सायली, आहे त्याच्याजवळ. पण अहो, औषध उशिराही चढतं म्हणतात ना?"

नरहरभाऊंनी डोळे उघडले. समोरून बस येत होती. त्यांनी ते पुन्हा मिटले.

नलिनीताई जाळीच्या दारातच बसल्या होत्या. नरहरभाऊ आत डोकावले आणि दोन पावलं मागे सरले.

जमीन लाल होती. बाकाखाली, दारापाशी, भिंतीवर, सगळीकडे लाल शिंतोडे.

"रक्त..." ते कसेबसे म्हणाले.

"फळं आहेत, भाऊ. खुडून पायाखाली चिरडली. फुलंसुद्धा खुडली." नलिनीताईंचा आवाज फाटला. "मूल पळवणाऱ्याने त्याचे कपडे तिथेच टाकून जावेत, तसं झालं हो."

बाकावरच्या कुंड्या जागच्या जागी होत्या, रिकाम्या. नरहरभाऊ भीत भीत आत गेले. भित्रा माणूस कुठल्याही खोलीत शिरला की आधी कोपरे बघतो, तिथे काही दबा धरून बसलंय का म्हणून. त्यांनीही कोपरे बघितले. एका कोपऱ्यात, खताच्या नव्या पोत्यांच्या मागे, पुदिन्याची इवलीशी कुंडी आडवी पडली होती.

"हे काय?"

"कालचं वाण," मंजूषाताई म्हणाल्या. "पिवळ्या कापडी पिशवीत पुदिन्याची कुंडी. पण ही इथे कशी?"

नरहरभाऊ आत नव्हतेच. कुंडीमागून पाल पळाली होती, आणि ते बाहेर येऊन पोहोचले होते.

"ताई, बोरन्हाणात भोजाईची फळं आहेत हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"कोणालाच नाही. बोरं किडकी निघाली. आयत्या वेळी ताट रिकामं दिसायला लागलं. मी धावत जाऊन ओंजळभर तोडली. बायकांना वाटलं बाजारातली."

"तोडताना कोणी पाहिलं?"

"जुई इथेच फळं मापत होती." जुई म्हणजे त्यांची विद्यार्थिनी. नव्या जातीचं वर्णन लिहायचं काम तिचं. "आणि सुधाकरभाऊजी खताची पोती उतरवत होते. ह्यांचे जुने मित्र. जवाहर चौकात त्यांची नर्सरी आहे ना."

"जुई कुठे आहे?"

नलिनीताईंनी पदर तोंडाला लावला. "कालपासून फोन बंद आहे. खोलीवरही गेली नाही. भाऊ, मला काही विचारू नका. तिच्याबद्दल मला काही विचारू नका."

"आणि कुलूप?"

"जुई आत असली की उघडंच. फोन आला, तशी तीही आमच्यामागे धावली."

फाटकावर बृजकिशोर चौकीदार उभा होता. सकाळपासून त्याला इतक्या जणांनी झापलं होतं, की नरहरभाऊ दिसताच त्याने हात जोडले.

"साब, मैं गेट से हिला नहीं. कसम से."

"बाहेरचं कोणी आत आलं?"

"कोई नहीं."

"कुंडी, रोप, पोतं, काही बाहेर गेलं?"

"कुछ नहीं साब. औरतें निकलीं, रोती-चिल्लाती. हाथ में बच्चे, और वही पीली थैलियाँ. जुईदीदी खाली हाथ भागी. फिर आखिर में घाटे साब निकले."

"रिकाम्या हाताने?"

"एकदम खाली. बस मैडमवाली पीली थैली थी."

नरहरभाऊंनी मान डोलावली. त्याच वेळी फाटकाबाहेर गाडी थांबली आणि त्यातून सुधाकर घाटे उतरले. उंच, तुळतुळीत, पायाशी मातीचा कण नाही. नर्सरीवाल्याची चप्पल इतकी स्वच्छ कशी, असा एक प्रश्न भाऊंना पडला, पण त्याचा या गोष्टीशी संबंध नाही. काही माणसं स्वच्छ असतात.

"वहिनी, धीर सोडू नका," सुधाकरराव म्हणाले. "समितीला मी समजावतो. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो."

"पुढच्या वर्षी काय दाखवू? रिकाम्या कुंड्या?"

मंजूषाताईंनी चहा आणला. सोबत तिळाच्या वड्या. सुधाकररावांनी कप घेतला आणि वडी परत केली.

"सुतक आहे वहिनी. अमरावतीचे काका गेले. म्हणून काल मी उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. शुभकार्यात कशाला आपली सावली?"

"जुईवर तुमचा विश्वास होता का?" नरहरभाऊंनी विचारलं.

"मुलगी हुशार आहे. पण हल्लीच्या मुलांचं काय सांगावं, एखाद्या कंपनीने बोट दाखवलं की..." त्यांनी वाक्य अर्धंच ठेवलं. "बरं, मी समितीच्या नाश्त्याचं सांगून येतो."

ते फाटकाबाहेर गेले. मंजूषाताई परीक्षितसाठी मऊ भाताचा डबा घेऊन दवाखान्याकडे निघाल्या. घरात दोघंच उरले.

तेवढ्यात जुना फोन वाजला.

नलिनीताई थिजल्या. फोन वाजतच राहिला. शेवटी त्यांनी नरहरभाऊंकडे पाहिलं, आणि त्या नजरेपुढे भाऊंचं काही चाललं नाही. त्यांनी दोन बोटांनी, पालीला धरावं तसा रिसीव्हर उचलला.

"समितीला परत पाठव," बोळा कोंबलेला आवाज म्हणाला. "नाहीतर पुढच्या वेळी खरंच मारीन औषध. नातवाला जप."

फोन बंद झाला. नरहरभाऊ बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून उभे होते.

"काय म्हणाला?"

"म्हणाला..." भाऊंनी ओठ ओले केले. आणि एकदम त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. "ताई, परीक्षितला काही झालेलं नाही. होणारही नाही. 'पुढच्या वेळी खरंच' म्हणाला. म्हणजे काल खोटंच होतं! त्याला पोरं मारायची नव्हती, घर रिकामं करायचं होतं."

नलिनीताई मटकन खाली बसल्या, आणि कालपासून पहिल्यांदा नीट रडल्या.

थोड्या वेळाने मंजूषाताईंचा फोन आला. जुई सापडली होती. मुलांच्या वॉर्डबाहेरच्या बाकावर, कालपासून. आत जाऊन विचारायची हिंमत नाही आणि उठून जायचीही नाही.

"वेडी पोर!" मंजूषाताई सांगत होत्या. "काल सकाळी तिने रोपांवर कडुनिंबाचं पाणी मारलं होतं. तिला वाटलं तिच्याच हातून पोरांना विषबाधा झाली. फोनची बॅटरी संपली, हिचं रडणं संपेना. मी आधी तिला भात भरवला, मग रागावले."

"मंजू, आणखी एक काम कर," नरहरभाऊ आवाज खाली आणून बोलले. "एका बाईंना फोन लाव. आणि मग जवाहर चौकात ये. येताना एखादा हवालदार मिळाला तर बघ. दोन मिळाले तर दोन."

सुधाकरराव परत आले तेव्हा भाऊ चहाचा कप घेऊन बसले होते.

"ताई, जातीचं वर्णन लिहिताना काय काय बघतात हो?" त्यांनी विचारलं. "मला आपली उगाच उत्सुकता."

"शेजारी एक जुनी, माहितीतली जात ठेवतात आणि एकेक अवयव ताडून बघतात," नलिनीताई यंत्रासारख्या बोलू लागल्या. "भोजाईचं फळ टोकाला बोथट, बिया सालीच्या वर उचललेल्या. पानाच्या देठावरची लव बघायची. महाबळेश्वरवाल्या जातीची लव वरच्या दिशेला निजलेली असते. भोजाईची आडवी बाहेर उभी राहते. नुसतं बोट फिरवलं तरी कळतं मला."

"मग समितीला शेजारची जात तरी दाखवू. अगदीच रिकाम्या हाताने कसं बोलायचं? सुधाकरराव, तुमच्या नर्सरीत महाबळेश्वरची रोपं असतील ना?"

"आहेत की. मी आणून देतो."

"नाही, भाऊजी," नलिनीताई उठल्या. "रोपं मी निवडते."

सुधाकररावांनी घड्याळ पाहिलं, आभाळ पाहिलं, आणि गाडीची किल्ली काढली.

नर्सरी बाजाराच्या मागच्या अंगाला होती. पुढे गुलाब आणि शेवंतीचा दिमाख, आणि मागे प्लास्टिकचं लांबलचक घर. आत शिरताच हवा जड झाली. बाहेरच्या चौकाचा गोंगाट कोणीतरी दार लावून बंद केल्यासारखा थांबला. भर दुपारी हिरवट अंधार. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. नरहरभाऊंना वाटलं, इथे माणूस पुरला तर वर शेवंती लावता येईल.

स्ट्रॉबेरीची रोपं बाकांमागून बाक पसरलेली. सगळी सारखी. काहींवर फळं, काहींवर फुलं, शेवटच्या बाकावरच्यांवर काहीच नाही.

"घ्या, कुठलीही उचला," सुधाकरराव म्हणाले.

"ताई," नरहरभाऊ पुटपुटले, "डोळे मिटा, आणि प्रत्येक देठावर बोट फिरवत चला."

नलिनीताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटून त्या बाकाच्या कडेने चालू लागल्या. बोट देठावरून देठावर. एक बाक झाला, दुसरा झाला. सुधाकररावांच्या कपाळावर घाम जमला होता. आत उकडत होतंच म्हणा.

शेवटच्या बाकाशी बोट थांबलं. मागे गेलं. पुन्हा पुढे आलं.

"भोजाई," नलिनीताई म्हणाल्या. डोळे अजून मिटलेलेच. "ही भोजाई. ही पण. ही पण. ही सगळी ओळ माझी आहे."

"काहीतरीच, वहिनी! पानावरून कोणी ओळखतं का?"

"तेच तुम्हाला वाटलं," नरहरभाऊ म्हणाले. आवाज इतका कापत होता, की शब्द एकमेकांवर आपटत होते. "म्हणून तुम्ही फळं आणि फुलं खुडलीत. नर्सरीवाला गिऱ्हाइकाच्या नजरेने बघतो, आणि गिऱ्हाईक फळ बघतं. देठावरची लव तुम्हाला सुचलीच नाही."

"पुरावा काय? माझी नर्सरी आहे. रोपं असणारच."

"सांगतो. फक्त तुम्ही तिथेच उभे राहा, जवळ येऊ नका." भाऊंनी बाकाची कड पकडली. "फोनवाल्याला माहीत होतं की ताटात भोजाईची फळं आहेत. ते दोघांनीच पाहिलं होतं. जुईने आणि तुम्ही. जुई सगळ्यांबरोबर रिकाम्या हाताने धावली. तुम्ही सुतकामुळे अंगणातच होता, त्यामुळे घर ओस पडल्यावर मागे राहिलात हे कोणाच्या डोळ्यांत आलं नाही. रोपं मुळासकट उपटली, माती झाडली, की मुठीत मावतात. पण फाटकावर चौकीदार. मग ओसरीवरच्या वाणातली एक पिशवी उचललीत. पुदिन्याची कुंडी काढून पोत्यामागे टाकलीत आणि पिशवीत भोजाई भरलीत. म्हणून योगिनीला वाण कमी पडलं."

"ती पिशवी बायकोसाठी होती!"

"सुतकात?"

सुधाकरराव एक पाऊल मागे सरले, आणि भाऊ बोलत राहिले.

"बृजकिशोरला तुमच्या घरचं सुतक ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, सगळ्यांसारखी ही पण मैडमची पिशवी. पण आमच्या मराठी घरांत सुतक असलेल्या बाईला कोणी हळदीकुंकवाचं वाण पाठवतं का? आणि जो माणूस तिळाची वडी घेत नाही, तो वाण घेतो? सकाळचा फोनही तुम्ही नाश्त्याच्या निमित्ताने बाहेर पडलात तेव्हाच आला."

"का, भाऊजी?" नलिनीताईंनी डोळे उघडले. "एखादा फुटवा मागितला असतात तर मी दिला असता."

"फुटवा!" सुधाकरराव फिस्कारले. "तिची आई मी आणून दिली होती महाबळेश्वरहून. माझ्या पिशवीतून आली ती! आणि नाव कोणाचं लागणार? तुमचं. तुमची रोपं जिवंत असताना माझ्या रोपांना कोण विचारणार? आज समिती परत गेली असती, की पुढच्या साली हीच जात माझ्या नावाने..."

ते थांबले. मग त्यांनी कोपऱ्यातला फवारणीचा पंप उचलला. तणनाशकाचा वास भाऊंच्या नाकात गेला.

"माझी नाही, तर तुमचीही नाही," सुधाकरराव म्हणाले आणि नळी बाकाकडे वळवली.

नरहरभाऊ नळी आणि बाक यांच्या मधोमध उभे होते.

"बाजूला व्हा, वैरागडे!"

भाऊ हलले नाहीत.

"डोळे जातील तुमचे! बाजूला व्हा म्हणतो!"

भाऊ हलले नाहीत. डोळे विस्फारलेले, हात पसरलेले, जणू दगडाचे. असा माणूस सुधाकररावांनी जन्मात पाहिला नसावा. त्यांचा हात क्षणभर अडखळला, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी पंपाचा पट्टा खेचला.

"ठेवा ते खाली," मंजूषाताई म्हणाल्या. त्यांच्या मागे जुई होती आणि एक घामाघूम हवालदार. "तुमच्या बायकोशी बोलले मी. वाण मिळालं का विचारलं, तर म्हणाली, 'सुतकात कसलं वाण? ह्यांनी घरी काही आणलं नाही.' बिचारी, मलाच समजावत होती."

समितीला त्या दुपारी थोडा वेळ ओसरीवर थांबावं लागलं. रोपं पुन्हा कुंड्यांत बसवेपर्यंत जुईने त्यांना चहा पाजला, आणि मग एकेक देठ भिंगाखाली धरून दाखवला. फळं नव्हती. पण बाकाखाली, चिरडायचं राहून गेलेलं एक सापडलं. समितीच्या प्रमुखबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं, बिया मोजल्या, आणि म्हणाल्या, "पुन्हा फळं धरली की येऊ. पण जात वेगळी आहे यात शंका नाही."

सायली परीक्षितला घेऊन घरी आली तेव्हा त्याने सगळ्यात आधी तेच फळ मागितलं.

"अहो," परतताना मंजूषाताईंनी स्कूटरवरून विचारलं, "तुम्ही त्या नळीसमोरून हलला कसे नाहीत? मला तर भरून आलं."

"मंजू, कोणाला सांगू नकोस," मागून आवाज आला. "मी पळतच होतो. पायच निघेनात."

मंजूषाताईंनी कोणालाही सांगितलं नाही. मला सोडून.

पुढच्या वर्षी नलिनीताईंच्या हळदीकुंकवाला वाण होतं भोजाईचा एकेक फुटवा. नोंदणी झाली होती. "आता घराघरात आहे," त्या म्हणाल्या, "आता कोण चोरणार आणि कुठून कुठून?" आणि त्यांनी एक पिशवी नरहरभाऊंच्याही हातात दिली. आमच्या भोपाळात वाण मिळालेला तो पहिला पुरुष.

भाऊ छाती काढून फाटकाशी आले. बृजकिशोर आडवा झाला.

"साब," तो म्हणाला, "थैली दिखाइए."

आणि नरहरभाऊ, सवयीप्रमाणे, घाबरले.